इंगिह म्हणजे हो

"आजोबांनी काही विचारलं तर?"

"इंगिह."

"आत्यानं काही विचारलं तर?"

"इंगिह."

"आणि मोठी माणसं बोलत असताना मध्येच बोलायचं का?"

"इंगिह," किनासी म्हणाली आणि स्वतःच दचकली. "नाही नाही! म्हणजे इंगिह, पण नाही बोलायचं."

वार्सितीनं तिच्या केसांतून फणी जरा जोरातच ओढली. रमजानचा अख्खा महिना ही उजळणी चालली होती आणि आता लेबारानची, म्हणजे ईदची सकाळ उजाडली होती. मैदानावरच्या नमाजाहून माणसं परतत होती. पुढच्या ओसरीवर सासऱ्यांची वेताची खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि वार्सितीनं फणी आणखी भराभर चालवली.

इंगिह म्हणजे हो. पण ते मोठ्यांना म्हणायचं हो. मान खाली, आवाजही खाली. बरोबरीच्याला आणि धाकट्याला नुसतं 'इयो' चालतं. उत्तरेला समुद्राकाठी तेगल आहे, वार्सिती तिथली. तिथे त्याचंच 'इया' होतं, चांगलं तोंड उघडून. इकडे सासरी, क्लातेनच्या माणसांना तेगलचं 'इया' ऐकलं की पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच हसू फुटतं. आम्ही जावा बेटाची माणसं आहोतच अशी. जेवणाला आमच्याकडे तीन शब्द, झोपेला तीन, मरणालाही तीन. आणि कुणाला कुठला लावायचा हे चुकलं की बोलणाऱ्याची पायरी तिथल्या तिथे ठरते. लहान मुलांना तेवढी सूट असते. ज्या पोराला हे अजून उमगत नाही त्याला आम्ही 'अजून जावाचा झाला नाही' म्हणतो आणि हसून सोडून देतो. तेच मोठ्या माणसाबद्दल म्हटलं तर शिवी होते.

किनासीवर हे घर तीन लेबारान हसलं होतं. तिसऱ्या वर्षी तिनं भर ओसरीत आजोबांना विचारलं होतं, "ए आजोबा, तुझे दात कुठे ठेवलेस?" चौथ्या वर्षी तिच्या एवढं ध्यानात आलं होतं की मोठ्यांना चढे शब्द द्यायचे. म्हणून ती उसाच्या गाडीच्या बैलासमोर वाकली आणि "आपलं जेवण झालं का?" असं अदबीनं विचारून आली. आजोबांची नव्वदीची बहीण मात्र वयानं आकसून जेमतेम दाराच्या कडीएवढी उरली होती, तिला ही म्हणाली, "ए, सरक." पाचव्या वर्षी उंचीचा घोळ मिटला, पण ते चढे शब्द तिला इतके आवडले की तिनं ते स्वतःलाच लावून टाकले. "मी भोजन ग्रहण केलं," असं तिनं जाहीर केलं, "आजोबांनी पण खाल्लं."

तेव्हाही माणसं हसली, पण बेतानं. किनासीचा बाप प्रासोजो त्याच वर्षी गेला होता, आणि त्याची थोरली बहीण मुर्तिनी अजिबात हसली नव्हती. तिनं फक्त वार्सितीकडे पाहिलं होतं.

आता किनासी सहा वर्षांची झाली होती. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात मुर्तिनीचं पत्र तेगलला आलं. अक्षर वळणदार, भाषा त्याहून वळणदार. पण सगळं सोलून काढलं तर आत एवढंच होतं की पोर जुलैत शाळेत जाईल, तुझ्याकडे राहिली तर कोळ्यांची बोली बोलेल, तर बाबांच्या मनात आहे की तिनं सोलोला माझ्या घरी राहून वळण घ्यावं. लेबारानला बाबा तिला बघतील आणि काय ते ठरवतील.

थोरामोठ्यांच्या घरी पोर राहायला पाठवायचं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पोर तिथे हाताशी राहतं, बघून बघून शिकतं, आणि चार-सहा वर्षांनी बसण्याउठण्यातून त्या घरासारखं दिसायला लागतं. याला कुणी पोर काढून घेणं म्हणत नाही. उलट आईबापांनी उपकार मानायचे असतात. मग आई त्या पोराला वर्षातून एकदा भेटते, आणि पोर तिच्याशी फार सभ्यपणे बोलतं.

वार्सितीनं नाही म्हणायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर गोम होती. सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणणारी सून म्हणजे पत्रातला शब्दन् शब्द खरा झाला. ज्या आईला स्वतःलाच रीत कळत नाही ती पोरीला काय शिकवणार? तेव्हा एकच वाट उरली होती. पोरीला अशी घडवायची की बोट ठेवायला जागाच राहू नये. मग कोण कशाला म्हणेल, की हिला वळण लावायला सोलोला न्या?

दिवसभर वार्सिती शाळेचे गणवेश शिवायची आणि मशीनच्या आवाजावर शब्द ओरडायची. किनासी खाली बसून ते परत ओरडायची. रात्री पोर तिच्या अंगावर पाय टाकून झोपायची. त्या पायाच्या वजनाखाली वार्सिती जागी राहून विचार करायची की ही गेली तर आपण जगू, पण कशासाठी? तिला उत्तर सापडत नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटायचं की मुर्तिनीताईंचं बरोबर असेल.

"आई, दुखतंय," किनासी म्हणाली.

"झालं. चल. आणि आजोबांच्या समोरून जाताना?"

पोरीनं कमरेत वाकून, उजवा हात पुढे खाली धरून, खोलीभर चालून दाखवलं. बरोबर होतं. वार्सितीनं तिचा पाठीवरचा बंद पुन्हा एकदा बांधला, जो सैल झालेला नव्हता.

* * *

ओसरीवर पाक मार्तो, म्हणजे किनासीचे आजोबा, खुर्चीत बसले होते. तीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस. आवाज कधी चढवला नाही, कारण तशी वेळच कुणी येऊ दिली नव्हती. एकेकानं गुडघ्यांवर सरकत जायचं, त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकायचं, आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. आधी मुर्तिनी गेली. तिचं बोलणं इतकं सफाईदार की चुका करण्यातसुद्धा तिनं नीटनेटकेपणा ठेवला असेल असं वाटावं. मग तिचा नवरा गेला. मग वार्सिती.

तिनं तीनदा घोकलेलं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत नीट आणलं, आणि शेवटचा शब्द तेगलच्या तोंडानं बाहेर पडला. रुंद, उघडा, मासळीबाजारातला. मागे मुर्तिनीला खोकला आला. सासऱ्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. वार्सिती सरकत बाजूला झाली तेव्हा तिचे कान तापले होते.

मग किनासी निघाली. गुडघ्यांवर, घाई न करता. कपाळ टेकलं. "माझ्या कळत-नकळत झालेल्या चुका आजोबांनी पोटात घालाव्यात," ती म्हणाली. आजोबांना चढा शब्द, स्वतःला उतरता. एक काना इकडचा तिकडे नाही. दाराशी उभी असलेली स्वयंपाकीणबाई सुद्धा "अगंबाई" म्हणून गेली.

पाक मार्तोंनी हात पोरीच्या डोक्यावर तसाच ठेवला. "कुठल्या चुका?" त्यांनी विचारलं.

हे घोकण्यात नव्हतं. माफी मागणाऱ्याला कुठल्या चुका असं कुणी विचारतच नाही. आदल्या संध्याकाळीच पोरीनं आजोबांच्या चहाच्या ग्लासाचं झाकण फोडलं होतं आणि मायलेकींनी तुकडे केळीखाली पुरले होते. आता ही ते सांगणार, वार्सितीला वाटलं. सांगणार, आणि कुणी पुरायला लावले तेही सांगणार.

किनासीनं मान वर केली नाही. ती घोटाळली आहे हे पाठीवरून दिसत होतं. मग तिला महिनाभराची शिकवण आठवली.

"इंगिह," ती म्हणाली.

मुर्तिनीचा नवरा, विर्योकाका, तोंडावर रुमाल धरून हसला. आजोबांच्या भुवया वर गेल्या. "जा, बस जा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

मुर्तिनी स्वयंपाकघरात वार्सितीच्या शेजारी येऊन उभी राहिली. केतुपातची भाताची पुडकी सोडता सोडता ती हळू, गोड आवाजात म्हणाली, "छान पाठ करून घेतलंयस हं. मेहनत दिसते."

"इंगिह, ताई."

"पण नुसतं पाठ आहे गं. पोपटालाही येतं तेवढं. काय बोलतोय, कधी, का, ते उमगायला तशा घरात राहावं लागतं." तिनं सुरी खाली ठेवली. "आमच्या प्रासोजोला मी मांडीवर घेऊन शिकवलंय सगळं. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याची पोर आहे ही, वार्सिती. हसते तेव्हा तोच हसतोय असं वाटतं मला."

तिचे डोळे खरंच भरले होते. वार्सितीला ते नको होतं. मुर्तिनी नुसती खडूस असती तर तिचा राग धरणं सोपं गेलं असतं. मूल नसलेली ही बाई दर लेबारानला किनासीच्या मापाचा झगा घेऊन यायची, आणि तो नेहमी बरोबर बसायचा.

* * *

चहा आला. मुर्तिनीनं स्वतः एक ग्लास आणि अननसाच्या बिस्किटांची बशी किनासीपुढे ठेवली, आणि निघून गेली. हीच परीक्षा होती, आणि ओसरीवरच्या सगळ्या मोठ्यांना ते ठाऊक होतं. समोर ठेवलं म्हणून प्यायचं नसतं. घ्या म्हटल्यावरही लगेच प्यायचं नसतं. दोनदा-तीनदा आग्रह व्हावा लागतो, मग घोटभर घ्यायचा, आणि ग्लास पुरता रिकामा करायचा नाही.

किनासी मांडीवर हात ठेवून बसली. चहाची वाफ गेली. बिस्किटाला एक मुंगी आली. पोरीनं मुंगीकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा मुंगीकडे. रमजानभर उपास करणाऱ्यांना झालं नसेल एवढं अवघड तिला होत होतं. वार्सितीनं स्वतःच्या ग्लासाला हात लावला नाही.

तेवढ्यात शेजारच्या बु कार्तो आल्या. साठीच्या, गोलमटोल, घरोघर ईद-मुबारक करत निघालेल्या. माफ्या मागून झाल्या, देऊन झाल्या, आणि मुर्तिनीनं त्यांना धरलं. "जेवूनच जायचं हं. कोंबडी नारळाच्या रसात केलीय, तुमच्या आवडीची."

"इंगिह, इंगिह," बु कार्तो तोंडभर हसल्या.

"बसा ना मग. ताट वाढते."

"इंगिह. बसते तर."

आणि चपला घालून त्या अंगणातून चालत्या झाल्या. फाटकापाशी वळून पुन्हा एकदा "इंगिह!" म्हणाल्या. मुर्तिनीनंही हात जोडून निरोप दिला आणि ताट वाढलं नाही. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

किनासीला वाटलं. ती आईच्या कानाशी आली. "त्या इंगिह म्हणाल्या ना?"

"हं."

"मग गेल्या का?"

"त्यांना अजून दहा घरं आहेत. गप बस."

"मग नाही का नाही म्हणाल्या?"

"तसं नाही म्हणत."

"आणि आत्या रागावली नाही?"

"कशाला रागवेल? कळलं तिला." वार्सितीचं लक्ष सासऱ्यांकडे होतं. ते खुर्चीतून उठत होते. "जागेवर जा. चहाला हात लावू नकोस."

किनासी जागेवर गेली. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती. ती फाटकाकडे बघत होती, जिथून बु कार्तो गेल्या होत्या. मुंगीनं बिस्किटाचा तुकडा ओढत नेला तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मुर्तिनीनं तिसऱ्यांदा "घे गं बाळ" म्हटलं तेव्हा तिनं थंड चहाचा घोट घेतला, अर्धा ग्लास तसाच ठेवला, आणि बिस्किट न खाता हात मांडीवर परत ठेवले.

* * *

जेवणं झाल्यावर पाक मार्तोंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. विर्योकाका गाडी फाटकाशी आणून आले होते. दुपार उतरायच्या आत त्यांना सोलोला पोचायचं होतं. वार्सितीनं पोरीला पुढ्यात घेतलं होतं. आजोबांनी हातानं खूण केली आणि पोर तिच्या पुढ्यातून उठून गेली.

"किनासी, जुलैत शाळा आहे तुला."

"इंगिह."

"सोलोला आत्याच्या घराजवळ चांगली शाळा आहे. आत्याकडे राहशील?"

 वार्सितीनं पोरीच्या पाठीवर नजर रोखली, जणू नजरेनं पोरीचं तोंड दाबता येणार होतं. महिनाभर आपणच शिकवलं आहे. काहीही विचारलं तरी. आपणच.

किनासीनं मान खाली घातली.

"इंगिह," ती म्हणाली.

"ऐकलंत बाबा?" मुर्तिनीनं दोन्ही हात छातीशी नेले. "पोरीलाच यायचंय. मी म्हटलं नव्हतं?"

पाक मार्तो पोरीकडे बघत होते. मग त्यांनी नजर सुनेकडे वळवली. "तुझं काय म्हणणं, वार्सिती?"

हीच वेळ होती. नाही, बाबा. माझ्याकडे दुसरं काही नाही. एवढी दोन वाक्यं. तेगलच्या तोंडानं बोलली असती तरी चाललं असतं. सगळं हसं झालं असतं तरी चाललं असतं. वार्सितीनं तोंड उघडलं, आणि ज्या जिभेनं महिनाभर पोरीकडून घोकून घेतलं होतं तिला दुसरं काही वळेना.

"इंगिह," ती म्हणाली.

सासरे तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी काही विचारलं असतं तर ती रडली असती. त्यांनी विचारलं नाही. "बरं," ते म्हणाले.

मुर्तिनी उठलीच. तिनं आत जाऊन पोरीची पिशवी भरली. दोन झगे, फणी, झोपताना लागणारी जुनी चादर. काय काय न्यायचं ते तिला विचारावं लागलं नाही. वार्सिती मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. तिला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. चादर घेऊन चाललेल्या मुर्तिनीच्या हातातून ती ओढून घ्यावी आणि पोरीला काखोटीला मारून तेगलची बस गाठावी, असं तिच्या मनात आलं, आणि ती भिंतीपासून हललीही नाही. रीत तिच्या हाडात पोचली होती. कुणी म्हणेल, वार्सिती चांगलीच जावाची झाली होती.

"वार्सिती," बाहेरून मुर्तिनीचा आवाज आला, "ये, पोरीला निरोप दे."

* * *

गाडीचं मागचं दार उघडं होतं. विर्योकाका इंजिन सुरू करून बसले होते. किनासी ओसरीच्या खालच्या पायरीवर उभी होती, हात समोर जुळवलेले, नजर स्वतःच्या अंगठ्यांवर. चपला बाजूला पडल्या होत्या.

"चल बाळ," मुर्तिनी म्हणाली. "चपला घाल."

"इंगिह."

मुर्तिनी गाडीपाशी पोचली आणि मागे वळली. पोर पायरीवरच होती. चपला तशाच होत्या.

"किनासी, काका थांबलेत."

"इंगिह, आत्या."

"मग ये ना."

"इंगिह."

ती हलली नाही. पाय आपटले नाहीत, रडली नाही, आईकडे पाहिलं नाही. आवाज सकाळच्या माफीच्या वाक्याइतकाच मऊ होता. मुर्तिनी परत आली, वाकली, पोरीच्या पायाशी चपला जोडून ठेवल्या. "ह्या बघ. घाल."

"इंगिह," पोर म्हणाली आणि चपलांकडे आदरानं बघत राहिली.

विर्योकाकांनी इंजिन बंद केलं. शेजारच्या कुंपणापलीकडे बु कार्तोंचं डोकं दिसायला लागलं होतं. मुर्तिनीच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. "तू मघाशी आजोबांना हो म्हणालीस ना? सगळ्यांसमोर?"

"इंगिह."

"आत्याकडे यायचंय म्हणालीस ना?"

"इंगिह."

"मग चल!" तिनं पोरीचं मनगट धरलं. वार्सितीचं पाऊल आपोआप पुढे पडलं. किनासीनं हात सोडवून घेतला नाही. ती फक्त जागच्या जागी जड झाली, आणि मान आणखी खाली घालून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "इंगिह, आत्या."

"ही काय थट्टा लावलीय? बाबा, बघा ना. हिला हो म्हणजे काय तेच कळत नाही!"

पाक मार्तो खुर्चीतून उठून ओसरीच्या कडेशी आले होते. "मुर्तिनी," ते म्हणाले, "पोरीनं दुपारपासून आठ वेळा नाही म्हटलंय. मी मोजतोय. तुला एकदाही ऐकू आलं नाही?"

मुर्तिनीचा हात मनगटावर तसाच राहिला.

"पहिल्या वेळी मलाही वाटलं, पाठ आहे. म्हणून सुनेला विचारलं. तिचं ऐकलं आणि मग पोरीचं पुन्हा आठवून पाहिलं. दोन्ही इंगिह एकाच घरची होती." ते खाकरले. "तिला वळण लागावं म्हणून नेणार होतीस ना तू? आता काय लावणार? पोर जावाची झाली की."

कुंपणापलीकडे बु कार्तो हसल्या आणि त्यांनी डोकं झटकन खाली घेतलं. मुर्तिनी हसली नाही. तिनं मनगट सोडलं, पोरीच्या केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि चादर पिशवीतून काढून पायरीवर ठेवली. 

"पुढच्या लेबारानला तरी येशील ना गं माझ्याकडे? चार दिवस?"

"इंगिह," किनासी म्हणाली.

मुर्तिनीच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडले. गाडीत बसून तिनं काच वर केली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत पोर हात जुळवून उभी होती, जशी राहायला हवी तशी.

* * *

वार्सितीनं तिला उचललं आणि पळतच मागच्या विहिरीपाशी नेलं. तिथे भांड्यांचा ढीग पडला होता. ढिगाशेजारी फतकल मारून तिनं पोरीला मांडीवर ओढलं, गालाला गाल लावला, आणि आता ऐकणारं कुणी नाही म्हणून मोकळ्या तेगलच्या बोलीत बडबडत सुटली. "माझी वाघीण! माझी लबाड मांजर! कुठून आलं गं तुझ्या डोक्यात? मी तर मेले होते तिथे भिंतीशी. खरंच मेले होते." ती हसत होती आणि नाक पुसत होती. "नाहीच जायचं होतं ना तुला? माझ्याकडेच राहायचंय ना?"

"इंगिह, आई."

वार्सिती हसता हसता थांबली.

पोर मांडीवर सरळ बसली होती. हात मांडीवर, नजर खाली, आवाज मऊ. पायरीवर उभी होती तशीच.

"मला नको गं इंगिह," वार्सिती म्हणाली. "मी आई आहे ना तुझी."

"इंगिह."

सकाळपर्यंत ह्या पोरीच्या पोटातलं सगळं ओठांवर असायचं. भूक लागली की भूक, राग आला की राग, झाकण फुटलं की झाकण. वार्सितीला रमजानमधल्या रात्री आठवल्या. अंगावर पाय टाकून पडलेल्या पोरीला ती विचारायची, आता बाबांची आठवण नाही ना येत फार? पोर म्हणायची, इंगिह. वार्सितीला बरं वाटायचं. एक तर पोरीची जखम भरत आली, आणि शब्दही पाठ झाला. ते कुठलं इंगिह होतं?  तिनं पोरीचे खांदे धरले, हवं होतं त्याहून घट्ट.

"किनासी, माझ्याकडे बघ. खरं सांग. आपल्या घरी म्हणतो तसं सांग. इया म्हण."

किनासीनं मान वर केली आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. ती काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडलं.

"इया," ती म्हणाली. चांगलं तोंड उघडून, अगदी तेगलचं.

आणि बरोबर झालं का ते बघायला लगेच आईकडे पाहिलं.